एक इथला, एक अवांतर, एक डॉक्टरांना

सोमवार, ९ फेब्रुवारी

बंद केला! चार मिनिटांत. मी चहा गाळून परत येईपर्यंत मंचावरच्या माझ्या प्रश्नाच्या धाग्याला कुलूप आणि खाली एकच ओळ —

"तीन प्रश्न आहेत. एक इथला. एक अवांतर कट्ट्यावर. एक डॉक्टरांना."

नमस्कार नाही, ऐकून वाईट वाटलं नाही, काही म्हणजे काही नाही. जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या मागच्या खोलीत बसून, रिपोर्टांच्या गठ्ठ्यावर कोपर टेकून चाळीस ओळी लिहिल्या होत्या मी. की माझ्या वडिलांना, अण्णांना, ऑक्टोबरमध्ये झटका आला, उजवा हात गेला, वाचा गेली. कळतं सगळं, पण शब्द तोंडात येत नाही. म्हणून मी टॅबलेटवर बटणं केली आहेत, बटण दाबलं की टॅबलेट बोलतो. पण डाव्या हाताला सवय नाही, तो थरथरतो, एकदा दाबायला जावं तर तीनदा दाबलं जातं आणि टॅबलेट "पाणी पाणी पाणी" करत सुटतो. शिवाय बटणं बाराच बसतात, तर कुठले शब्द ठेवू? आणि वाचा परत येईल का हो?

हे सगळं प्रोग्रॅमिंगच्या मंचावर. आणि तिथल्या संपादकाने हे कापून टाकलं. नाव काय तर 'संपादक-२'. मी त्याचं नाव कात्री ठेवलंय.

उद्यापासून त्या मंचाचं तोंड बघणार नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

बघितलं.

डोकं जरा थंड झाल्यावर कालच्या चाळीस ओळी पुन्हा वाचल्या. स्वतःचीच लाज वाटली. ना शेंडा ना बुडखा. उत्तर द्यायला बसलेल्या माणसाने कुठून धरायचं? आणि याने चार मिनिटांत त्याच्या तीन वाटण्या केल्या, तिन्ही बरोबर. डॉक्टरांना विचारायचं ते डॉक्टरांनाच विचारायला हवं. कुठल्याशा अनोळखी माणसाने "हो, येईल परत" लिहिलं असतं तर मी ते कवटाळून बसले असते.

अण्णांच्या सलूनची आठवण झाली. खुर्चीत जंगल घेऊन बसलेलं गिऱ्हाईक काय काय सांगत असतं — इकडून असं, मागून तसं. अण्णा ऐकून घ्यायचे आणि कंगवा एकदाच फिरवून कुठून सुरू करायचं ते ठरवायचे.

सहा ओळींत नवा प्रश्न टाकला. फक्त थरथरणाऱ्या हाताचा. कात्री लगेच हजर. "काय करून पाहिलं?" लिहिलं. "अपेक्षा काय होती? झालं काय?" तेही लिहिलं. लिहिता लिहिताच निम्मं उत्तर दिसायला लागलं. उरलेलं 'ओव्हरटाइम' नावाच्या कुणीतरी दिलं — पहिल्यांदा बोट लागलं की एक सेकंद टॅबलेटने बहिरं व्हायचं. दोनच ओळींचं काम. मी आठवडाभर उगाच डोकं फोडत होते.

बुधवार, ११ फेब्रुवारी

चाललं! आईने दाराची घंटा वाजवावी तसं बोट हाणून पाहिलं. "पाणी." एकदाच.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

अण्णांनी टॅबलेट पालथा घातला.

फेकला असता तरी चाललं असतं. पण नाही, नीट दोन बोटांनी उचलला, मांडीवर उलटा ठेवला आणि भिंतीकडे बघत बसले. बाराही बटणं मी किती विचार करून लावली होती. पाणी, औषध, भूक, बाथरूम, दुखतंय, पंखा…

स्पीच थेरपीच्या बाई मला बाहेर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "ते गप्प राहायची सवय लावून घेतायत. महिनाभरात त्यांना काही धरायला मिळालं नाही, तर पुढे त्यांना ओढून आणणं फार अवघड होईल. मी बघितलीत अशी माणसं." ज्या माणसाने छत्तीस वर्षं सलूनमध्ये एकाही गिऱ्हाइकाला गप्प बसू दिलं नाही, तो माणूस हा.

अवांतर: नवऱ्याचा फोन. उचलला नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

दुसरा प्रश्न त्याच्या जागी, म्हणजे मंचाच्याच अवांतर कट्ट्यावर टाकला. वाचा गेलेल्या माणसाला पहिले बारा शब्द कुठले द्यावेत? संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट उत्तरं! काय माणसं असतात एकेक. कुणी 'प्रेम' लिहिलंय, कुणी 'धन्यवाद'. एकाने चारशे शब्दांची यादी, वर्णानुक्रमे. दोघेजण बटणांच्या रंगावरून हमरीतुमरीवर आले. एकाने आपल्या आजीची हकिगत इतकी लांबवली की शेवटी आजीचं काय झालं ते लिहायचं राहूनच गेलं. पण सगळे मनापासून लिहीत होते, डोळे भरून आले वाचताना.

सगळ्यात खाली कात्री. "वडिलांना विचारलं?"

बुधवार, १८ फेब्रुवारी

नाही विचारलं.

लॅबच्या डॉक्टरांना विचारलं, आईला विचारलं, थेरपीच्या बाईंना विचारलं, त्रेसष्ट परक्या माणसांना विचारलं. ज्यांच्या तोंडचे शब्द ठरवायचे त्यांना सोडून गावाला विचारून आले. त्यांना बोलता येत नाही म्हणून त्यांना विचारताही येत नाही, असं मी धरूनच चालले होते. कात्रीने दोन शब्दांत माझं माप माझ्या पदरात घातलं, आणि मला राग येईना. कुठे शिकला असेल हा माणूस असं बघायला?

एकजण मात्र त्याच्या अंगावर धावून गेला — "अहो, आजारी माणसाचा विषय आहे, जरा माणुसकीने बोला." मग मी उतरले मैदानात. इतकं सुनावलं त्याला! नेटवर कुणासाठी भांडायची माझी पहिलीच वेळ. दहा मिनिटांनी बघते तर त्याचं नाही, माझंही नाही. "भांडण काढून टाकलं. प्रश्न ठेवला."

माझीही बाजू घेतली नाही. मान गए, असंच म्हणावंसं वाटलं.

शनिवार, २१ फेब्रुवारी

आज अण्णांना विचारलं. रिपोर्टांच्या कोऱ्या पाठीचे पन्नास चौकोन कापले, एकेकावर एकेक शब्द. एक चौकोन समोर धरायचा, त्यांनी मान हलवायची.

पाणी — नाही, आणि डाव्या हाताने तांब्याकडे बोट. खिडकी — नाही, खिडकीकडे बोट. दुखतंय — नाही, खांद्यावर हात. पन्नासच्या पन्नास नाही. शेवटी शेवटी तर वैतागले, आणि मला तेव्हा कुठे उमगलं. यातलं सगळं त्यांना बोटाने दाखवता येतंय की! बटणं मी आमच्यासाठी केली होती. आम्ही खोलीत शिरतो तेच मुळी झालं का, घेतलं का, दुखतंय का करत. पाच महिने या माणसाशी कुणी दुसरा विषयच काढलेला नाही.

अवांतर: शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "लेक असावी तर अशी, संसार बाजूला ठेवून बापासाठी राहिली." मी भांडी विसळत होते, विसळत राहिले. निदान इथे तरी खरं लिहावं. मी आले ती झटक्याच्या आदल्या संध्याकाळी, दोन बॅगा घेऊन, परत न जाण्यासाठी. अण्णा पुढच्या खोलीतल्या दुकानात केस झाडत होते. बॅगांकडे बघून त्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, उद्या सांगते. सकाळी साडेआठला ब्रश हातात असतानाच कोसळले. आईला अजून वाटतं मी चार दिवस राहायला आले होते.

रविवार, २२ फेब्रुवारी

पोस्टमनकाका आले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सगळे पोस्टमनकाकाच म्हणतात. दर दुसऱ्या रविवारी केस कापायला यायचे, आता केस वाढवून नुसतेच येतात. "दुसऱ्या कुणाच्या हाताखाली डोकं देणार नाही," म्हणतात. मी त्यांनाच धरलं. म्हटलं, काका, अण्णा दुकानात काय काय बोलायचे, सांगा.

काका अण्णांचा हुबेहूब आवाज काढतात! "डोकं सरळ." "हलू नका, कान जाईल." "असं कसं?" "थापा मारू नका." "मग पुढे?" अण्णा ऐकत होते, ओठाचा डावा कोपरा वर. "आणि गिऱ्हाईक हवापाण्याचं बोलायला लागलं ना, की हा म्हणायचा — ते सोडा, तुमचं सांगा."

अण्णांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. एकदा, दोनदा, तीनदा. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं पडले.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

बाराऐवजी सहाच बटणं केली, मोठाली. सगळी दुकानातली. टॅबलेटला बाईचाच आवाज आहे, त्यामुळे "हलू नका, कान जाईल" ऐकून आई हसून हसून खाली बसली.

काका मुद्दाम आले होते. अण्णांनी पहिलंच बटण दाबलं ते "ते सोडा, तुमचं सांगा". मग काय, काकांचा गुडघा, काकांचे जावई, जावयाने विकत घेतलेली गळकी गाडी. अण्णांनी "मग पुढे?" अकरा वेळा दाबलं, मी मोजलं. एकदा "थापा मारू नका". काका निघताना जिन्यात डोळे पुसत होते.

थेरपीच्या बाईंनी आल्या आल्या विचारलं, "काय, पोट साफ झालं का आज?" अण्णा — "ते सोडा, तुमचं सांगा." बाई खरंच बसल्या आणि भाड्याचं घर मिळत नाही ते सांगायला लागल्या. जाताना मला म्हणाल्या, "आता नाही जात हे हातातून."

रविवार, १ मार्च

मंचावर सगळ्यांचे आभार मानले. लांबलचक, कात्रीचे तर वेगळ्या परिच्छेदात. वीस मिनिटांत सगळं साफ. "आभार काढले. उत्तर ठेवलं." चहाचा घोट नाकात गेला हसताना.

पण बरोबरच आहे त्याचं. उद्या कुणाचा थरथरता हात घेऊन कुणी तिथे आलं, तर त्याला त्या दोन ओळी सापडायला हव्यात, माझं गहिवरणं कशाला मध्ये? इतकी वर्षं, कुणी वाहवा करो की शिव्या घालो, दिवसभर दुसऱ्यांचे प्रश्न झाडूनपुसून जागेवर ठेवत बसायचं. मला नाही जमणार. त्याचा आदर वाटतो, अगदी मनापासून.

मग सहज अवांतर कट्ट्यावर डोकावले तर माझ्या धाग्यात तो आलेला. "वडील काय म्हणाले?"

कात्री! स्वतःहून, अवांतर! मी सहाही बटणं लिहून पाठवली. त्याचं उत्तर — "छान. हा धागा उघडा ठेवतो."

बुधवार, ४ मार्च

अवांतर: नवऱ्याने आईच्या फोनवर फोन केला. रविवारी न्यायला येतोय. आता अण्णा बरे आहेत ना, म्हणे. आईने खुशीत गादी उन्हात घातली. कुणाला आणि काय सांगणार, आणि आता कुठल्या तोंडाने? जावं लागेल बहुतेक.

गुरुवार, ५ मार्च

अण्णांची दाढी करत होते. तोंडाने चालूच — गोळ्या संपत आल्यात, व्यायाम चुकवू नका, रविवारी जावई येणार आहेत.

"हलू नका, कान जाईल."

मी वस्तरा बाजूला घेतला. अण्णांनी कपाटाकडे बोट केलं. कपाटावर माझी दुसरी बॅग, ऑक्टोबरपासून न उघडलेली. मग सावकाश दुसरं बटण.

"ते सोडा, तुमचं सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा मला अहोजाहो केलं अण्णांनी. दुकानातल्या त्या संध्याकाळी हेच विचारलं होतं, आणि मी उद्यावर ढकललं होतं. त्यांनी पाच महिने धागा उघडा ठेवला होता.

अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ते ऐकत राहिले. मी सांगितलं सगळं, पहिल्यापासून.