बायोडाट्याची खातरजमा

बुलढाणा, मंगळवार

ती. सिंधूआत्यास मंजुश्रीचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे, आतोबांचा खोकला आणि नव्याने व्यालेली म्हैस, तिघांचीही तब्येत सुधारली असेल असं धरून चालते. पत्र पाहून घाबरू नको. फोनवर तू बोलतेस आणि मी नुसतं 'हो, हो' करते, आणि या वेळी माझा एकही 'हो' मला परवडणारा नाही. तेव्हा आधी मुद्दा सांगते. तू पाठवलेल्या मलकापूरच्या स्थळाकडून मी ओटी भरून घेऊन आले आहे. बाबांना अजून पत्ता नाही. कळलं तर ते चपला न घालता मांडववाल्याकडे धावतील. म्हणून रुखमाबाईंना, म्हणजे मुलाच्या आईला, तू लवकरात लवकर नकार कळवायचा आहेस.

झालं असं की आमच्या कॉलेजात विद्यार्थी पत्रकारांची कार्यशाळा होती. शिकवायला नागपूरहून संजीवनी मॅडम आल्या होत्या. (पहिला दिवस सत्कारांतच गेला, तो सोडून देऊ.) मॅडम म्हणाल्या की आता छापखाना, कॅमेरा आणि अफवा हे तिन्ही एकाच खिशात असतात, तेव्हा आलेला मजकूर दोन स्वतंत्र सूत्रांकडून तपासल्याशिवाय पुढे ढकलायचा नाही. (हे वाक्य तू दोनदा वाच. गुळवेलीच्या काढ्याने चष्मा जातो, हे मला कोणी पाठवलं होतं?) मग प्रत्येक गटाने आपल्या फोनवरचा सर्वांत ताजा फॉरवर्ड तपासायचं ठरलं. बाकीच्यांना गारपीट, मोफत रिचार्ज असले सोपे विषय मिळाले. माझ्या फोनमध्ये सगळ्यांत वर तू होतीस: 'चि. हर्षल, उंची पाच फूट दहा, स्वतःची कंपनी, वीस एकर बागायत, निर्व्यसनी. मंजू, हातचं सोडू नको.' मी नको नको म्हणत राहिले. पण गटातली पुष्पांजली (वकिलाची लेक, उलटतपासणी रक्तातच) आणि कॅमेऱ्याची तिपाई सांभाळणारा प्रज्वल यांनी बहुमताने ठराव करून टाकला.

घाट उतरून एसटीने मलकापूर गाठलं. पहिलं सूत्र पानठेलेवाला. त्याच्या म्हणण्यानुसार हर्षल फक्त सुटे मागायला येतो. दुसरं सूत्र रसवंतीवाला. त्याने सांगितलं की कंपनी म्हणजे स्टेशनजवळचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आणि तिथला सगळा कर्मचारीवर्ग म्हणजे एकटा हर्षल. जमिनीची चौकशी करायला आम्ही त्यांच्या गल्लीत शिरलो आणि तिथे घात झाला. दारात उभ्या असलेल्या बाईंनी (याच रुखमाबाई) विचारलं, कोण तुम्ही. पत्रकाराने ओळख लपवू नये असं मॅडमनी बजावलं होतं, म्हणून प्रज्वल खरं तेच बोलला: बुलढाण्याहून आलो, हर्षल यांची माहिती काढायला. लग्नाच्या मोसमात याचा अर्थ काय होतो, हे आत्या, तुला मी काय सांगावं! वर पुष्पांजलीने माझ्याकडे बोट दाखवून 'मुलगी ही' असंही जाहीर केलं. घटकाभरात आम्ही सतरंजीवर, पुढ्यात पोहे आणि भोवती अख्खी गल्ली. रुखमाबाई शेजारणींना सांगत होत्या, "पोरगी सोताच घर पाहाले आली. मले असीच धीट सून पाह्यजे होती." मी खुलासा करायला तोंड उघडलं तर त्यात बर्फी गेली आणि पदर नसताना ओढणीत नारळ आला. नको म्हणायला हवं होतं. पण त्या बाई इतक्या खुशीत होत्या, की मला धीरच झाला नाही.

तेवढ्यात हर्षल दुकानातून आला. पुष्पांजलीने आपल्या फोनचा कॅमेरा सुरू करून त्याला एकेक कलम विचारलं. उंची पाच फूट सहा. जमीन चुलत्यांत सामाईक. तंबाखू आधी खायचा, आता सोडली. कंपनीबिंपनी काही नाही, बायोडाटा मामांनी लिहिला. गडी रागावला नाही की ओशाळला नाही. मग त्याने शांतपणे खिशातून फोन काढला, तू तिकडे पाठवलेला माझा बायोडाटा उघडला आणि मला विचारलं, "'मितभाषी, स्वयंपाकात निपुण.' आन हे कोनं तपासलं?" माझी दोन्ही स्वतंत्र सूत्रं, म्हणजे प्रज्वल आणि पुष्पांजली, पोह्यांचा ठसका लागेपर्यंत हसली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी निकाल दिला: त्याचा मजकूर दिशाभूल करणारा, माझा सपशेल खोटा. भर सभागृहात, पडद्यावर.

तर आत्या, हे एवढं निस्तर. रुखमाबाईंना म्हण, तो अभ्यासाचा भाग होता, पोरांचं वय आहे. जरा जपून सांग मात्र, त्यांना वाईट वाटता कामा नये. आतोबांना नमस्कार.

तुझीच (म्हणे मितभाषी)
मंजू

ता. क. : निघताना तिपाई माझ्या फोनवर पडली आणि काच फुटली. फोन हर्षलच्याच दुकानात ठेवला आहे, शनिवारी आणायला जाईन. (बुलढाण्यात दुरुस्तीची दुकानं आहेत, हे मला माहीत आहे.)

पुन्हा ता. क. : पत्र पुष्पांजलीने वाचलं. म्हणाली, "मंजू, याच्यात नकाराचं कारण कोठी हाय?" मी पहिल्यापासून परत वाचलं. सापडलं नाही. तेव्हा रुखमाबाईंना फोन करू नको. बाबांना कर.