बोलणाऱ्यांची रांग

१९ ऑगस्ट, दुपार

प्रिय बर्निस,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालशील. घाल. फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. शिवाय कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही, तेवढंच सुख. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस उगाच.

इकडे यंदा ब्लूबेरी उदंड आल्यात. अस्वलांच्या आधी मीच पोचले, बरण्या भरून जॅम केलाय. आर्व्हिड ठीक आहे. तुझा हा भाऊ तळ्याकडच्या खिडकीशी बसून असतो. डेनाच्या प्रचाराची पाटी अजून अंगणात आहे, काढायला हात धजत नाही. शेजारचा रॉय कुंपणावरून विचारतो, "लोरेन, प्रायमरी संपली ना गं?" मी म्हणते, "तुझी संपली असेल."

पक्षाचा उमेदवार ठरवायच्या या निवडणुकीचा निकाल तुला पाठच असेल. माझी डेना आणि तुझी मार्गो, दोघींची मतं एकत्र केली तर हॅल्व्हर्सनला घरी बसवून वर उरतात. पण एकत्र करणार कोण? आता तोच आपल्या पक्षाचा उमेदवार, आणि नोव्हेंबरात इथून आपल्या पक्षाशिवाय दुसरं कोण निवडून येतंय? लहान हॉस्पिटलांवर राज्याचा पैसा उधळणार नाही, हे त्यानं प्रचारातच सांगितलं होतं. आपल्या हॉस्पिटलच्या मंडळाला तेवढंच निमित्त हवं होतं. डायलिसिसचा विभाग महिनाअखेर बंद. दारावर सूचनाही लागली. पुढे डुलुथ शहरात जायचं, आठवड्यातून तीनदा, जाऊन-येऊन पाच तास, आणि हिवाळ्यात बर्फातून.

मला सारखी ती जूनमधली सभा आठवते, चर्चच्या तळघरातली. दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत नाव मागे घेता येणार होतं. दोघीही कबूल होत्या की सभा जिला निवडेल ती लढेल, दुसरी घरी जाईल. किती सोपं होतं. पण सोपं काही केलं तर आपण कसले!

तू उठून म्हणालीस, "डेना खाणवाल्यांच्या पंगतीला बसून आलीय."

मी म्हटलं, "मार्गोला शहरातून येऊन दिवस किती झाले? खाण कुठल्या दिशेला आहे ते तरी ठाऊक आहे का तिला?"

"त्या खाणीचं विष कुठून तळ्यात येणार ते ठाऊक आहे, तेवढं पुरे."

लोक हसले, मीही हसले. तिथवर ठीक होतं. मग मतं कशी घ्यायची यावर गाडी अडली. हात वर करून की चिठ्ठ्या टाकून? नव्यानं आलेल्यांना मत द्यायचं की नाही? लहान पोरांच्या आया येऊ शकल्या नाहीत, मग ही सभा सगळ्यांची कशी म्हणायची? आणि त्या ग्रेगरी प्राध्यापकाची बोलणाऱ्यांची रांग. ज्यांचं आजवर कुणी ऐकलं नाही त्यांनी आधी बोलायचं, आपल्याकडच्या म्हाताऱ्या गोऱ्या पुरुषांनी सगळ्यात शेवटी. आपण दोघींनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी आपलं एकमत झालं ते तेवढ्यावरच.

आर्व्हिड कॉफीच्या भांड्याशी बसला होता. सकाळी डायलिसिसच्या मशीनवरून उठून आलेला, दंडाला पट्टी तशीच. जो तो उठून म्हणत होता, हॉस्पिटल बंद पडलं तर ज्यांना झळ बसेल त्यांचा आवाज ऐकला पाहिजे. त्यानं हात वर केला. ग्रेगरी गोड हसून म्हणाला, "आर्व्हिड, तुमचाही नंबर येईल." आला नाही. चर्चवाल्यानं किल्ल्या वाजवल्या आणि सगळे उठले. दुसऱ्या दिवशी मी तुला फोन केला. तू म्हणालीस, आधी डेनानं मागे घ्यावं. मी म्हटलं, आधी मार्गोनं. बोलता बोलता पाच वाजून गेले आणि दोघींचीही नावं छापली गेली.

सभेवरून परतताना गाडीत मी आर्व्हिडला विचारलं, "काय बोलणार होतास रे?"

"नाणं उडवा म्हणणार होतो. मला दोघीही चालतील."

मला राग आला, बर्निस. एवढी मोठी गोष्ट नाण्यावर सोडायची? घर येईपर्यंत मी त्याला तत्त्वं समजावत होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

वर लिहिलंय की आर्व्हिड ठीक आहे. तो ठीक नाही. सूचना लागली त्याच दिवशी त्यानं मनाशी ठरवून टाकलं. म्हणाला, "तीन दिवस रस्त्यावर, तीन दिवस अंथरुणात. उरलेल्या एका दिवसासाठी तुला बर्फात गाडी हाकायला लावणार नाही मी." मी आरडाओरडा केला, रडले. विभाग अजून चालू आहे, महिनाअखेरपर्यंत तरी जा म्हटलं. तर म्हणतो, "म्हणजे तेव्हा हेच सगळं पुन्हा बोलायचं? एकदाच होऊन जाऊ दे, हवा चांगली आहे तोवर."

शुक्रवारपासून तो मशीनवर गेलेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडा, फार तर दोन. पाय सुजलेत. दिवसाचा बराच वेळ झोपतो. जागा असला की अगदी नीट बोलतो, तेच मला सहन होत नाही.

तुला कळवू नको म्हणालाय. "बर्निसला कळलं तर ती भांडायला येईल." मी भांडून थकले गं. माझं तो ऐकत नाही, लहानपणापासून ऐकलं असेल तर ते फक्त तुझं. पत्र मिळाल्याबरोबर निघ. दार उघडंच असतं. मार्गोचं नाव काढायचं असेल तर खुशाल काढ, मी ब्र काढणार नाही. तुझ्या भावाला त्या मशीनवर नेऊन बसव. आणि नाहीच ऐकलं त्यानं, तर निदान त्याच्याजवळ बस. मला हे एकटीला होत नाही.

अजून तरी तुझी भावजय,
लोरेन