डाव्या पायातला बूट

मी, एदुविहेन माएस्तास, कै. एपिफानिओ माएस्तास यांची पत्नी, वय चौऱ्याऐंशी, राहणार लॉस ओल्मितोस, न्यू मेक्सिको, हे मृत्युपत्र तोंडाने सांगून लिहवून घेत आहे, कारण मला अक्षर येत नाही. डोकं ठिकाणावर आहे. गुडघा नाही, पण मृत्युपत्राला गुडघा लागत नाही असं फाकुंदो आबेयता म्हणतो. लिहिणारा तोच. तो आमच्या चर्चचा कारभारी, संत इसिद्रोची मूर्ती त्याच्या ताब्यात असते. मी सांगेन तेच त्याने लिहायचं, नटवायचं नाही, असं ठरलं आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणायची हिंमत एकट्या एपिफानिओत होती, आणि तोही पुढे शहाणा झाला.

कलम पहिले. राहतं घर, जर्दाळूची झाडं आणि पाटाच्या पाण्याचा आमचा वाटा मुलगा लेआंद्रो याला. दर वसंतात पाट साफ करायला त्याने स्वतः फावडं घेऊन जावं. पैसे देऊन माणूस पाठवला तर त्याचा बाप थडग्यात कूस बदलेल, आणि शेजारी मी असणार.

कलम दुसरे. बँकेत जे काही आहे ते माझ्या दफनाला आणि त्या दिवशीच्या जेवणाला. मक्याचं पोसोले मोठ्या भांड्यात शिजवावं, लाल मिरचीला हात आखडू नये. उरेल ते चर्चच्या छपराला. उरणार नाही. गावाची भूक मला ठाऊक आहे.

कलम तिसरे. माझं तांब्याचं पातेलं शेजारीण रोसेंदा व्हिहिल हिने एका बाप्तिस्म्याच्या जेवणाला नेलं. ते बाळ आता दाढी करतं. पातेलं मी तिला देऊन टाकत आहे, म्हणजे मी तिच्या घरी गेले की ते पलंगाखाली सरकवायची तिची दगदग वाचेल. शिडी मात्र लेआंद्रोची. ती फाकुंदोकडे आहे. इथे फाकुंदोचा हात अडला, पण लिहिलं.

कलम चौथे. एपिफानिओचा एक्कावन्न सालचा हिरवा ट्रक आणि त्याची सगळी हत्यारं लेआंद्रोची मुलगी, माझी नात ओर्लिंडा हिला. तिच्या बापाला नाही, कुणा गिऱ्हाइकाला नाही. कारण सांगितल्याशिवाय हे कलम पुरं होत नाही, आणि कारण सांगायची मला लाज वाटते. म्हणून शिडीपातेलं आधी उरकून घेतलं.

संत इसिद्रो शेतकऱ्यांचा. त्याच्या सणाला पाऊसपाणी मागायला त्याची मूर्ती, पायाशी छोटा देवदूत, आमच्याच ट्रकच्या हौद्यातून शेतांवरून फिरते. आधी एपिफानिओ चालवायचा, तो गेल्यावर मी. मग डावा गुडघा गेला. क्लच दाबला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. दोन मिरवणुका मी कठड्यावर बसून पाहिल्या आणि घरी येऊन सगळ्यांना टोचून बोलले.

ओर्लिंडाचं गावात गाड्या दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. तिने भंगारवाल्याकडून एका आपटलेल्या नव्या ट्रकचं इंजिन आणलं, त्याचा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स आणला, कॉम्प्युटर आणला. वायरिंगची जुडी माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोडली. आमच्या जुन्या ट्रकात बोटांवर मोजण्याइतक्या वायरी. ह्या जुडीत टोपलंभर. नको त्या काढायच्या, हव्यात त्यांना नवी वाट द्यायची.

मी म्हणाले, "अगं, डुक्कर कापलंस की काय? इतकी आतडी?"

"आजी, ती जांभळी धर. सोडू नकोस."

"ही कुठे जाते?"

"ब्रेकच्या पेडलपासून कॉम्प्युटरकडे. ब्रेकवर पाय पडला की ही लगेच जाऊन सांगते, मग गिअरबॉक्स पकड सोडतो."

"म्हणजे चुगलखोर. आपल्या रोसेंदासारखी."

हिवाळाभर मी वायरी धरल्या. अक्षर येत नसलं तरी रंग येतात. आणि येईल त्याला म्हणत राहिले, की नवऱ्याचं काळीज काढून पोरीने दुसऱ्याचं बसवलं. ती हसायची. मी क्लचशिवाय चालवावं म्हणूनच हे चाललंय, हे मला कळत होतं. कळत असून बोलत होते.

सणाच्या सकाळी तिने मला सीटवर बसवलं. क्लचचं पेडल काढून टाकलेलं, ब्रेकचं रुंद नवं बसवलेलं. म्हणाली, "आजी, डावा पाय मागे, सीटखाली. आज त्याला सुट्टी."

"तुझ्या बापाला ह्याच ट्रकात शिकवलंय मी."

"बाबांचा पाय शिकला असेल गं. तुझा ऐकत नाही."

तिचं खरं झालं. पाटाच्या चढावर मी जन्मभर क्लच दाबून गिअर बदलत आले आहे. चढ आला आणि डाव्या पायाने मला विचारलंसुद्धा नाही. गेला आणि जोर लावून दाबला, क्लच दाबतात तसा. खाली ब्रेक होता. एपिफानिओच्या वेळचे ब्रेक माझं म्हणणं ऐकून घ्यायचे, मग विचार करायचे. हे नवे सांगितल्यासरशी ऐकतात. ट्रक जागीच थिजला, मूर्ती केबिनवर आदळली, देवदूताचा पंख तुटला. मी घाबरून पाय उचलला, ट्रक पुढे सरकला, आणि पायाने तेच परत केलं. संत इसिद्रो हौद्याच्या कडेवरून पाटात गेला. पाणी मागायला नेलेला संत पाण्यात.

फाकुंदो सणाच्या सुटासकट पाटात उतरला. मूर्ती छातीशी धरून वर आला आणि म्हणाला, "काकू, झालं काय?"

सगळा गाव बघत होता. मी खिडकीतून म्हणाले, "मला काय विचारतोस? हिला विचार. हिच्या वायरिंगने घात केला."

ओर्लिंडाने सीटखालच्या कॉम्प्युटरला आपलं छोटं यंत्र जोडलं, पडदा पाहिला. मग वायर गुंडाळत म्हणाली, "हो. वायरिंगच असणार. चूक माझी."

मला हायसं वाटलं. हे वाक्य लिहायला फाकुंदो कचरत होता. मी म्हटलं, लिही. हायसं वाटलं.

त्या आठवड्यात लोक तिच्या वर्कशॉपमधून आपापल्या गाड्या परत घेऊन गेले. पहिला फाकुंदो. "जी संताला बुडवते ती माझ्या गाडीला काय सोडणार," असं तो पायरीवर उभा राहून बोलला.

इथे फाकुंदोने पेन खाली ठेवलं. विचारलं, "काकू, तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

"पाय माझाच होता ना."

"आणि तिला?"

त्याला सांगितलं तेच इथे लिहावं. परवा मी वर्कशॉपच्या मागे सुरकुतलेली जर्दाळू वेचत होते. आत लेआंद्रो मुलीला विचारत होता, "यंत्रात तर ब्रेक दाबलेला दिसतोय. एकदा नाही, दोनदा. आईचाच पाय. तू गप्प का बसलीस?"

ती म्हणाली, "बाबा, हे कुणाला कळलं तर ती पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही. मला काय, आल्बुकर्कीत काम मिळेल."

माझ्या हातातून गेलेली जांभळी वायर. तिने चुगली केली होती, आणि ऐकणारीने ती गिळली. मला वाटत होतं, माझी लबाडी चालून गेली. चालली नव्हती. पोरीने ती उचलून आपल्या पाठीवर घेतली होती, आणि रोज दुपारी मला विचारत होती, आजी, गुडघा कसा आहे.

सोमवारी ती सामान घेऊन जाणार आहे. तिला अडवायचा मला हक्क नाही. गेली तर नावावरचा डाग धुऊन जावी, एवढंच.

फाकुंदोने पेन पुन्हा उचलायला वेळ घेतला. उचललं.

कलम पाचवे. काढलेलं जुनं इंजिन शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. ते लेआंद्रोला. त्याला त्या इंजिनाशी बोलायची सवय आहे.

कलम सहावे. मला कबरस्तानात त्याच ट्रकच्या हौद्यातून न्यावं. चालवेल ओर्लिंडा, तेव्हा ती कुठेही असली तरी तिला बोलावून, ती येईपर्यंत थांबून. मी खराब होणार नाही, आधीच पुरेशी वाळले आहे.

कलम सातवे. हे मृत्युपत्र येत्या रविवारी, मिस्सा सुटल्यावर, चर्चच्या पायरीवर फाकुंदोने मोठ्याने वाचावं. शिडीसकट.

फाकुंदो म्हणाला, "काकू, कायद्यात हे बसत नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात."

"मेलेल्या बाईला कसली लाज? मी समोर बसलेली असताना वाच."

"आणि मी पायरीवर जे बोललो होतो ते?"

"तेही वाच. पायरी तीच आहे."

कलम आठवे आणि शेवटचे. माझ्या डाव्या पायातला बूट ओर्लिंडाच्या वर्कशॉपच्या दारावर ठोकावा. ती जाणारच असेल तर सामानात द्यावा. क्लच काढून घेतलेल्या गाडीत जो कुणी पहिल्यांदा बसेल, त्याला तो दाखवून सगळी गोष्ट नावानिशी सांगावी. बूट मी आत्ताच काढून फाकुंदोच्या हाती दिला आहे. रविवारी मी एकाच बुटात येईन.

ठिकाण: लॉस ओल्मितोस, माझं स्वयंपाकघर.
दिनांक: ६ जून २०१९.

अंगठा: एदुविहेन माएस्तास. उजव्या हाताचा घेतला. डाव्या बाजूवर माझा भरवसा उरलेला नाही.

साक्षीदार: रोसेंदा व्हिहिल. सगळं वाचून घेतलं. पातेलं मान्य, रोसेंदासारखी हा शब्द अमान्य.

साक्षीदार व लिहिणारा: फाकुंदो आबेयता. शिडी आज संध्याकाळी पोचवतो. माझी गाडी उद्या सकाळी ओर्लिंडाकडे परत नेतो, ती घेत असेल तर.