आधी कोण गेलं

७ सप्टें. १९५८
राळेगावहून परत. पटकीनं दादा परवा सकाळी गेला, वहिनी त्याच दुपारी चारला. मूलबाळ नाही, दोघांना अग्नी मीच दिला. रडू येईल म्हणून वाट पाहतोय. येत नाही. शाळेत हजेरी घेतली, पाढे घेतले.

९ सप्टें.
एक गोष्ट लिहून ठेवतो. दादा गेल्याचं वहिनीला सांगितलंच नव्हतं. तिच्या आईनं, गोदाबाईंनी, खोलीचं दार लावून घेतलं होतं. ती गेल्यावर तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. बायका कुजबुजल्या, ही तर विधवा. गोदाबाई म्हणाल्या, "तिले ठाऊकच नव्हतं. मंग ती रांडव कायची?"

१८ सप्टें.
तेरवी झाली. शेताचा विषय निघालाच. बारा एकर, दोघांच्या नावावर. वहिनीनं माहेरच्या पाटल्या मोडल्या म्हणून खरेदीखतात तिचंही नाव. गावाचा हिशेब सोपा: जो मागून गेला, त्याच्या माणसांचं शेत. म्हणजे गोदाबाईंचं. त्यांना वहिनीशिवाय कुणी नव्हतं, राहायच्याही तिच्याकडेच.
शकू म्हणाली, "पटवाऱ्यानं इचारलं तं अहेव गेली म्हना, नवऱ्याच्या आधी. साऱ्या गावानं पाह्यलं हिरवं लुगडं." बायको आहे, पण बोलली वकिलासारखी.

२२ सप्टें.
पटवाऱ्यानं विचारलं, "आधी कोण?" म्हटलं, वहिनी. आवाज नेहमीसारखाच निघाला.
मग त्यानं गोदाबाईंना विचारलं. मी जमिनीकडे पाहत. वहिनीच्या तोंडात शेवटचं पाणी त्यांनीच घातलं होतं. पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग, "अहेव गेली माही पोरगी." अंगठा दिला.
बाहेर आल्यावर म्हणाल्या, "शेत घ्या मास्तर. तिचं कुंकू राहू द्या."
लाज वाटायला हवी होती. वाटली असेल. चहा प्यायलो.

३ ऑक्टो.
यवतमाळ. वकिलांना कागद दाखवला. हसले. "कोनीही आधी गेलं असतं तरी तुमचंच होतं. नव्या कायद्यात मूल नसलेल्या बाईचं नवऱ्याच्या वारसाकडे जाते. तिचा अर्धा हिस्सा धरून."
तिच्या आईला?
"नवऱ्याकडचं कोनी नसतं तं मिळालं असतं."
म्हणजे माझं खोटं फुकट गेलं. आणि गोदाबाईंनी जे सोडलं ते…

१२ ऑक्टो.
शेतात गेलो. कपाशी कमरेला लागते. मधली तुरीची तासं वहिनीनं पेरलेली. गोदाबाई एकट्या गवत काढत होत्या. म्हणाल्या, "तुमची तूर बरी हाये."
गावात त्यांचा मान वाढलाय. लेकीच्या कुंकवापायी शेतावर पाणी सोडलं, असं बायका सांगतात. त्या ऐकून घेतात, मान ताठ असते.
अर्धं शेत बक्षीसपत्रानं त्यांना देता येईल, असं वकील म्हणाले. पण अंगठा घेण्याआधी सगळं वाचून दाखवावं लागेल. त्यात असेल: कुणीही आधी गेलं असतं तरी शेत कायद्यानं माझंच, मी ते खुशीनं देतो. मग त्या विचारतील, "तं मंग म्या काय सोडलं होतं?"
न द्यावं तर मी चोर. द्यावं तर त्यांच्याजवळ उरलेलं एवढंच, तेही काढून घेतो.

१९ ऑक्टो.
स्टांप आणला. शकूला सांगितलं नाही. रात्री जेवलो, चव कळली नाही.

२४ ऑक्टो.
गोदाबाईंचा निरोप आला. उद्या वेचणी सुरू, त्याआधी सीतादही, कपाशीला दहीभाताचा नैवेद्य. "दहीभात मालकाच्या हातून पाह्यजे. मास्तरनं यावं."
दरवर्षी हे दादा-वहिनी जोडीनं करायचे. आज पहिल्यांदा पाढे घेताना चुकलो. पुन्हा पहिल्यापासून घेतले.
स्टांप पिशवीत घातला. काढला. पुन्हा घातला. मोटार सहाची आहे.