चेटकिणी आल्या की दार उघड

नेलाओ,

तू गाढ झोपली होतीस, उठवलं नाही. मी बसने बहिणीकडे निघाले. उद्या तिथल्या इस्पितळात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यावर चर्चा नको. सूप फ्रीजमध्ये आहे.

आज झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. चर्चला संध्याकाळी जा. देव थांबतो, पोरं शेजारच्या दाराकडे वळतात. डोक्याला रुमाल, गालाला लाली फासून पोरी दरवर्षीसारख्या चेटकिणी बनून येतील. गेल्या वर्षीसारखं बायबल उगारून "येशूच्या नावाने चालत्या व्हा!" असं ओरडू नकोस. तुमच्या देशात चेटकीण म्हणजे चेटकीण असेल, पण त्यातल्या दोघी तू शिकवतेस त्याच बालवाडीतल्या होत्या, बाई! खालच्या मजल्यावरची सिर्पा मला अजून विचारते, "हेल्वी, तुमच्या मास्तरीणबाई आता बऱ्या आहेत ना?"

तर दार उघड आणि हस. पिसं बांधलेली वाळुंजाची डहाळी तुझ्यावर हलवत त्या वर्षभराच्या आरोग्याचं गाणं म्हणतील. डहाळी आपली, चॉकलेटचं अंडं त्यांचं, उधारी नाही. अंडी निळ्या भांड्यात आहेत. ईस्टरपर्यंत तुझा चॉकलेटचा उपास आहे, हे मला ठाऊक आहे. भांडं कालपासून हलकं का लागतंय, तेही ठाऊक आहे.

गेल्या वर्षी तू त्यांना पळवलंस, घरात डहाळी आली नाही आणि उन्हाळ्याआधी माझा गुडघा गेला. दोष देत नाही, नुसता हिशेब सांगते. मी असलं काही मानत नाही.

तरी एक डहाळी माझ्या नावाने मागून घे. ती देणाऱ्या पोरीला अंडी दोन दे.

हेल्वी