आईचं बीपी, वहिनीची केळी

३ नोव्हें., सोम. अमरावती
आईला फोन. अकोल्याला दादाकडे सगळं ठीक म्हणे. मागून वहिनी, "ताई, आईची चक्कर बंद झाली! बीपी उतरून राह्यलं. रोज दोन केळी, संत्री, नारळपाणी. पोटॅशियम असते त्याच्यात." बीपीच्या गोळीचं विचारलं तर "घेतात ना", आणि लगेच परत संत्री. दिवसभर मोबाइलवरचे डॉक्टर पाहते. गोळी बंद तर नाही केली हिनं?

५ नोव्हें.
शाळेत शिकवताना लक्ष नाही. दादाला विचारलं. "तुले कावून संशय येते? तीच तर करते सगळं." तीच करते, म्हणूनच.

८ नोव्हें., शनि. अकोला
न सांगता आले. वहिनीचा चेहरा पडला. की मलाच वाटलं? बीपीचं मशीन सोबत आणलं होतं. आईचं वरचं बीपी १७४! वहिनी म्हणे मशीन बिघडलं असन. रात्री जेवल्यावर तिनं आईच्या हातावर गोळी ठेवली, समोर उभी राहिली. आईनं तोंडात टाकली. माझ्यासाठी नाटक?

९ नोव्हें.
सकाळी आईची रात्रीची ताटली उचलली. केळ्याच्या सालीत गोळी. ओली, अर्धी विरघळलेली.
आई, "गोयी घेतली का मले गरगरते. केयं खाल्लं का नाई गरगरत. सुनेले सांगजो नको. तिचा बाप लकव्यानं गेला, लय भेते ते."
तरी वहिनीला सांगितलं. तिनं ती गोळी उचलून पाहिली. मग, "तुमाले वाटलं, मीच देत नाही?"
हो म्हणाले. खोटं काय बोलायचं.

१० नोव्हें.
रजा. तिघी डॉक्टरांकडे. चक्कर त्या गोळीनं असू शकते, बदलून दिली. फळं गोळीच्या बदल्यात नाहीत म्हणाले. शिवाय किडनी बरोबर नसेल तर हेच पोटॅशियम अंगावर येतं, रक्त तपासा, तोवर केळी-नारळपाणी थांबवा. वहिनी, "म्हणजे मीच आईले..." परत येताना रिक्षात तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

१२ नोव्हें., बुध. अमरावती
रिपोर्ट उद्या. दुपारी वहिनीचा फोटो आला. आई तोंड उघडून, जीभ बाहेर. नवी गोळी गिळल्याचा पुरावा. खाली, "पाहा ताई." एवढंच.
उत्तर दोनदा लिहून खोडलं. फोटो मोठा करून पाहिला. आईचे डोळे हसून राहिलेत. गोळी गिळली म्हणून, की पुन्हा लपवली म्हणून, ते कळत नाही.