आत्याच्या भिंतीवरचा डबा

३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. नमस्कार वाकून केला असं समजावं. दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरली आहे.

तुझ्या मागच्या भिंतीवर मी बसवून गेले तो करडा डबा आठवतो ना? तोच, ज्याला तू पोस्टाची पेटी म्हणून हिणवलंस. भिंत केसभर कलली तरी तो बिनतारी कळवतो आणि इथे माझ्या पडद्यावर रेघ हलते. हल्ली उपग्रहही वरून टेकडीचा उतार मोजतो, पण तुमच्या ओळीवर झाडांची इतकी दाटी, की त्याला काही दिसत नाही. म्हणून त्या सगळ्या घरांची भिस्त तुझ्या डब्यावर.

खुशखबर अशी, की तुझी रेघ शहाण्यासारखी वागते आहे. थोडी कलते, पुन्हा जागेवर येते. आमचा नवा प्रोग्राम म्हणतो, भिंत उन्हानं फुगते आणि आकसते, एवढंच. दरडीच्या भीतीनं पलीकडच्या ओळीला घरं सोडायला सांगितलं, तुमच्या ओळीला साहेब म्हणाले, राहू द्या. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू. तरी मागच्या दाराशी पाणी झिरपतंय का, ते लिही. फोन तू बंद करून कपाटात ठेवतेस, म्हणून हा पत्रांचा खटाटोप.

लोभ आहे हे ठाऊक आहे. थोडा लेखी कळव.
तुझी,
भिंगरी


८ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. कंबरेला वेगळा आशीर्वाद, खुर्चीतून उठलीस की लागू होईल.

तुझं पत्र वाचून जिवात जीव आला. शेजारच्या मास्तरीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी सामान बांधायला घेतलं होतं, ते पुन्हा सोडलं. घर सोडायची कल्पनाच मला सोसत नाही. तुझे आतोबा गेल्यावर या घरानंच मला सांभाळलं. दुकानातून दमून आले, की इथे पाऊल टाकल्यावर मी माणसात येते.

दाराशी थोडी ओल आहे. दार हल्ली अडतही होतं, रंधा मारला, आता नीट लागतं.

डब्याची तू मुळीच काळजी करू नकोस. जन्मभर फोटोंच्या चौकटी केल्या, भिंतीवर काही वाकडं असलेलं मला बघवत नाही. तुझा डबा सारखा एका अंगाला झुकतो. स्क्रू ढिले बसवलेस वाटतं. माझ्या भावाचंच वळण, दुसरं काय. दर रविवारी मी बुडबुड्याची लेव्हल पट्टी लावून त्याला सरळ करते आणि स्क्रू आवळते. तुझं काम चोख राहायला हवं ना.

लोभ पुष्कळ आहे, न्यायला स्वतः ये.
तुझी,
आत्या


११ ऑक्टोबर, हातोहात

ती. आत्या,
नमस्कार. बाकी मायना नंतर.

हे पत्र आणणारे आमच्या ऑफिसचे ड्रायव्हरकाका. तुझा फोन लागत नाही, आणि खालचा रस्ता बंद करायचा आहे म्हणून मला इथून हलता येत नाही. त्यांच्याबरोबर आत्ताच्या आत्ता निघ.

आत्या, डबा वाकडा होत नव्हता, भिंत होत होती. तू सरळ केलास तो प्रत्येक कल आम्ही ऊन समजून सोडून दिला. तुझं पत्र वाचून मी ते सगळे एकत्र मिळवले. सगळे एकाच दिशेला, उताराकडे, आणि अलीकडचे जास्तच मोठे. दारही त्यामुळेच अडत होतं. साहेबांना मी तुझं पत्रच दाखवलं आणि त्यांनी अख्खी ओळ रिकामी करायला सांगितली.

मी रागावले नाही. उन्हाला रविवार कळत नाही, हे माझ्याच डोक्यात यायला हवं होतं. घरात तुझा जीव किती अडकलाय, ते मला माहीत आहे. पण माझा तुझ्यात अडकलाय. मास्तरीणबाईंनाही तूच सांग, त्या दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत. माझ्या खोलीची किल्ली काकांकडे आहे.

लोभबिभ नंतर. निघ.
भिंगरी


१३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. तुझ्याच टेबलावरून तुलाच लिहिते आहे. काका कोरडे कपडे न्यायला आले आहेत, त्या पिशवीत हे ठेवते.

खरं सांगते, तुझं पत्र वाचून मी आधी दार लावून घेतलं. काका बिचारे पायरीवर बसून राहिले. जे व्हायचं ते इथेच होऊ दे, असं मनात आलं होतं. मग वाटलं, मी थांबले तर मास्तरीणबाई थांबतील आणि आम्हाला बघून बाकीचे. मीच तर त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं होतं. मग उठले, प्रत्येक दारावर थापा मारल्या आणि सांगितलं, की डबा मी हलवत होते, भाचीचा काही दोष नाही. मास्तरीणबाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं आणि मग माझाच हात धरून उतार उतरल्या.

आज सकाळी माझं घर गेलं, हे काकांकडून कळलं. शेजारची दोन घरंही गेली. आत कुणी नव्हतं. काका म्हणाले, तू ते बघून तिथेच रडत बसलीस आणि कालपासून पोटात काही घातलेलं नाहीस.

भिंगरी, मी अजून रडले नाही. घर माझं होतं, तेव्हा रडायचा पहिला मान माझा. तू मध्येच घुसू नकोस. साहेबांना सांगून संध्याकाळी घरी ये. आधी दोघी जेवू, मग मी रडेन, मग तुझा नंबर.

लोभ आता एकाच छपराखाली राहणार. कमी पडला तर तोंडावर सांगावं.
तुझी,
आत्या